दंष्ट्री व शृंगी जनावरांचा उपद्रव आणि धन्याचें दायित्व

इ. स. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईस मोकाट कुत्र्यांच्या कत्तलीवरून मोठा दंगा झाला. बाजार बंद पडला, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि अखेर फौज बोलवावी लागली. ही हकीकत बहुधा पारशी समाजाच्या धर्मभावनेचें उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु तेवढ्यानें तिचा पुरा उलगडा होत नाहीं. दुसऱ्या दिवशींच्या हरताळांत इतर जातींचे लोकही सामील झाले होते, आणि कुत्रा पवित्र कीं अपवित्र एवढ्यावरच तंटा थांबणारा नव्हता. त्याच्या मुळाशीं व्यवहाराचा एक जुना प्रश्न होता: ज्या जनावरास धनी नाहीं तें कोणाचें, आणि त्यानें कोणास दुखापत केली असतां जबाब कोणी द्यावयाचा?

या प्रश्नास आमच्या धर्मशास्त्रानें एक उत्तर दिलें होतें, पारश्यांच्या वेंदिदादानें दुसरें, आणि कंपनी सरकारच्या मॅजिस्ट्रेटांनीं तिसरें. तिन्ही उत्तरें मुंबईच्या एकाच बेटावर एकमेकांसमोर आलीं, हें १८३२ च्या प्रकरणाचें खरें महत्त्व होय. प्रस्तुत लेखांत हीं उत्तरें क्रमानें मांडून त्यांचा परस्परसंबंध दाखविण्याचा उद्देश आहे.

(१)

प्रथम धर्मशास्त्र पाहूं. जनावर माणसावर उठलें असतां धन्याकडे दोष किती, याचा नेमका नियम याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत प्रकीर्णक प्रकरणांत आला आहे. दाढांचें किंवा शिंगांचें जनावर एखाद्यास मारीत असतां, सोडविण्यास समर्थ असूनही जो धनी सोडवीत नाहीं, त्यास प्रथम साहसाचा दंड. आणि त्या माणसानें आक्रोश केल्यावरही न सोडविल्यास त्याच्या दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, कंटकशोधन अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत, हाच नियम जवळजवळ याच शब्दांनीं सांपडतो. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत येऊन शामशास्त्री यांनीं १९०९ त ग्रंथ छापला, तोंपर्यंत तो विद्वानांस बहुतांशीं इतरांच्या अवतरणांवरूनच ठाऊक होता. तथापि हा नियम लुप्त झाला नव्हता. याज्ञवल्क्याच्या आधारें तो टीकाकारांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

या नियमांत दोन शब्दांवर सर्व भार आहे. पहिला ‘शक्त’ व दुसरा ‘विक्रुष्ट’. जनावर स्वभावानें दुष्ट होतें कीं गरीब, त्यानें पूर्वीं कोणास मारलें होतें कीं नाहीं, याची चौकशी येथें नाहीं. जनावरास शासनही सांगितलेलें नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच कीं, धन्याच्या अंगीं त्या क्षणीं सोडविण्याचें सामर्थ्य होतें काय, आणि संकटांत पडलेल्याची हाक त्याच्या कानीं गेली काय. सामर्थ्य असून उपेक्षा केली तर दोष. हाक ऐकूनही उपेक्षा केली तर दोष दुप्पट.

दुप्पट म्हणजे किती, हेंही पाहण्यासारखें आहे. याज्ञवल्क्याच्या मतें उत्तम साहस १०८० पण, मध्यम त्याच्या निम्मे म्हणजे ५४०, आणि अधम अथवा प्रथम साहस २७० पण. मनूच्या गणनेंत हेच आंकडे १०००, ५०० व २५० असे येतात. दोन्ही गणनांत प्रथम साहसाची दुप्पट केली कीं बरोबर मध्यम साहस होतें. म्हणजे हाकेकडे दुर्लक्ष करणारा धनी अपराधाची एक पायरीच वर चढतो. कौटिल्याच्या ग्रंथांत प्रथम साहस ४८ पासून ९६ पणांपर्यंत आणि मध्यम २०० पासून ५०० पर्यंत असल्यामुळें तेथें हा हिशेब असा जुळत नाहीं. परंतु नियमाचा आशय एकच आहे.

कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहावा (इ. स. १०७६-११२६) याच्या काळीं विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. तींत दंष्ट्री म्हणजे हत्ती वगैरे व शृंगी म्हणजे बैल वगैरे असा अर्थ देऊन, धन्यास दंड कां, याचें कारण स्पष्ट केलें आहे: त्यानें हांकण्याच्या कामीं अकुशल माणूस नेमला म्हणून. हांकणारा कुशल असल्यास दंड हांकणारासच. हा विचार मनूच्या आठव्या अध्यायांतील गाडीच्या अपघातांच्या नियमांशीं जुळतो. तेथें सारथी अकुशल असतां धन्यास २०० पण दंड सांगितला आहे; आणि विशेष हें कीं, अशा अकुशल सारथ्याच्या गाडींत बसणारांसही प्रत्येकीं १०० पण दंड आहे. धोक्याची वस्तु रस्त्यावर आणण्यांत ज्याचा ज्याचा हात, त्याच्या त्याच्या वांट्यास दोष, असें हें तत्त्व आहे.

उलटपक्षीं, दोष कोठें नाहीं तेंही शास्त्रानें सांगितलें आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, गाडी तिरपी झाली अथवा मागें सरली, अशीं दहा कारणें मनूनें मोजलीं आहेत. त्यांतील शेवटचें कारण यांत्रिक नव्हे: हांकणारानें ‘बाजूस व्हा’ असें ओरडून सांगितलें असल्यास दंड नाहीं. अर्थशास्त्रांतही वाहनाचा किंवा हत्तीचा धक्का लागण्याच्या प्रसंगीं, दूर होण्याविषयीं ओरडणारा अदंड्य ठरविला आहे. अशा प्रकारें या सर्व व्यवहारांत दोन हाका आहेत. जनावर हांकणाराची हाक त्याचा दोष दूर करते. जनावरापुढें सांपडलेल्याची हाक धन्याचा दोष दुप्पट करते. धोक्याची सूचना देणें हें एकाचें कर्तव्य, ऐकून धांवणें हें दुसऱ्याचें.

हत्तीविषयीं कौटिल्यानें एक चमत्कारिक नियम दिला आहे. स्वतः डिवचलेल्या हत्तीच्या पायांखालीं जो मरेल, त्याच्याकडूनच एक द्रोण अन्न, मद्याचा कुंभ, फुलें व उटी आणि हत्तीचे दांत पुसण्यासाठीं वस्त्र द्यावें. कारण हत्तीकडून आलेलें मरण अश्वमेधाच्या अवभृथस्नानासारखें मानलें आहे. परंतु कांहीं संबंध नसलेला माणूस मेला, तर हत्ती चालविणारास उत्तम साहस. ज्यानें धोका ओढवून घेतला आणि ज्याच्यावर तो येऊन पडला, या दोघांतला हा भेद आजच्या कायदेपंडितांसही मान्य होईल.

(२)

वरील सर्व नियमांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही कीं जनावरास धनी आहे. ज्यास धनी नाहीं त्याचें काय? हा प्रश्न शास्त्रकारांपुढें आला तो कुत्र्याच्या रूपानें नव्हे, सोडलेल्या बैलाच्या रूपानें. वृषोत्सर्गांत त्रिशूळ व चक्र यांचे डाग देऊन सोडलेला वळू विधीनंतर कोणाचाच राहत नाहीं. तो शेतांत शिरला तर दंड कोणाकडून घ्यावयाचा? याज्ञवल्क्यानें स्वामिपालविवादांत याचें उत्तर दिलें आहे: मोठा वळू, उत्सर्ग केलेलीं जनावरें, नुकती व्यालेली गाय, कळपांतून चुकून आलेलें जनावर, हीं सोडून द्यावीं. नारदानें घोडा व हत्ती यांचीही यांत भर घातली आहे. तीं प्रयत्नानें हांकून लावावीं, पण त्यांच्या धन्यास दंड नाहीं.

ही सवलत दोन निरनिराळ्या कारणांनीं मिळाली आहे हें लक्षांत ठेवणें जरूर आहे. हत्तीघोड्यांस ती राजसत्तेच्या बळावर मिळाली, कारण तीं प्रजेचे रक्षक मानलीं गेलीं. सोडलेल्या वळूस ती धनीपण संपल्यामुळें मिळाली. पहिल्या ठिकाणीं धनी इतका थोर कीं त्यास दंड नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं धनीच नाहीं म्हणून दंड नाहीं. दोहोंचा भार पडतो तो शेतकऱ्यावर. त्यानें हांकलावें व नुकसान सोसावें.

पिकाचें नुकसान असें सोसतां येईल. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश सोसतां येत नाहीं. सुश्रुतानें कल्पस्थानांत पिसाळलेल्या जनावरांच्या विषाचें वर्णन करून, पाण्याला भिणारा रोगी वांचत नाहीं असें स्पष्ट सांगितलें आहे. म्हणजे धोक्याचें ज्ञान वैद्यकास होतें. परंतु व्यवहारशास्त्रानें भटक्या कुत्र्याचें कोणतेंही धनीपण ठरविलें नाहीं. मनूच्या गाडीच्या नियमांतच कुत्रें किंवा डुक्कर मेल्यास हांकणारानें एक माष द्यावा, एवढी त्याच्या जिवाची किंमत सांगितली आहे. ही शास्त्राच्या तटबंदींतील मोकळी जागा होय. आणि मुंबईचा तंटा याच जागेंत उभा राहिला.

(३)

पारश्यांच्या वेंदिदादांत ही जागा मोकळी नाहीं. त्याचे तेरावा व पंधरावा हे फर्गर्द कुत्र्यांविषयींच्या नियमांनीं भरले आहेत. प्रेतास कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा सगदीद नांवाचा विधि सर्वांस ठाऊक आहे. पण येथें विचार करावयाचा तो विधीचा नसून व्यवहाराचा आहे.

पंधराव्या फर्गर्दांत प्रश्न येतो कीं, विण्यास झालेली कुत्री कोणी सांभाळावी? उत्तर असें कीं, ज्याचें घर सर्वांत जवळ असेल त्यानें. ती ज्याच्या गोठ्यांत, तबेल्यांत किंवा आवारांत येऊन पडली असेल, त्यानें तिला खाऊं घालावें, आणि पिलें आपलें आपण पाहूं लागेपर्यंत त्यांचाही सांभाळ करावा. न केल्यामुळें अपाय झाला तर तो दोषी. येथें ‘कुत्री तुझी काय?’ असा प्रश्नच नाहीं. जवळिकीनें जबाबदारी उत्पन्न होते. विकत घेण्यानें किंवा पाळण्यानें ती उत्पन्न व्हावी अशी अट नाहीं.

तेराव्या फर्गर्दांत पिसाळलेल्या कुत्र्याचा विचार आहे, आणि तो केवळ दयेचा नाहीं. न भुंकतां चावणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यांत लांकडी खोडा अडकवून त्यास बांधावें. तरीही त्यानें मेंढरास किंवा माणसास जखमी केलें तर एकेका अपराधास एकेक कान, मग पाय, मग शेंपूट कापावें, असें शासन प्रत्यक्ष जनावरासच सांगितलें आहे. त्याबरोबरच त्या कुत्र्यावर, एखाद्या श्रद्धावान मनुष्यावर करावे तसे, उपचार करण्याची आज्ञा आहे. आणि त्यास मोकळें सोडल्यामुळें तें विहिरींत किंवा नदींत पडून जायबंदी झालें, तर पाप लोकांच्या माथीं. धर्मशास्त्र जनावरास अपराधी मानीत नाहीं व भटक्या जनावरास धनी शोधीत नाहीं. वेंदिदाद जनावरास अपराधी मानतो, आणि धनी नसेल तेथें शेजाऱ्यास धनी करतो.

(४)

आतां मुंबई. याज्ञवल्क्यावरील दुसरा मोठा टीकाकार अपरार्क हा उत्तर कोंकणचा शिलाहार राजा. मुंबईचीं बेटें त्याच घराण्याच्या अमलांत होतीं. त्याची टीका पुण्याच्या आनंदाश्रमानें १९०३-०४ त छापली, ती संग्राहकांच्या परिचयाची आहेच. ज्या किनाऱ्यावर बाराव्या शतकांत राजानें स्वतः याज्ञवल्क्याच्या व्यवहारनियमांवर टीका लिहिली, तेथेंच सातशें वर्षांनीं जनावरांच्या उपद्रवाचा नियम करण्याचें काम कंपनीच्या पोलीस मॅजिस्ट्रेटांकडे आलें होतें.

त्यांनीं प्रश्न वेगळ्याच टोंकानें धरला. १८१३ च्या नियमान्वयें, उन्हाळ्याच्या ठराविक मुदतींत रस्त्यांवरील मोकाट कुत्रीं मारण्याची परवानगी देण्यांत आली. १८३२ त मॅजिस्ट्रेटांनीं ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविली. मारलेल्या दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस होतें. मनूच्या नियमांत कुत्रें मारणारानें एक माष द्यावयाचा होता. मुंबईच्या नियमांत मारणारास आठ आणे मिळावयाचे होते. या उलटापालटींतच पुढील अनर्थाचें बीज होतें. नगावर पैसे मिळूं लागल्यावर मोकाट कुत्रें कोणतें व पाळलेलें कोणतें, हें ठरविण्यांत मारणाराचाच स्वार्थ गुंतला. पकडणारे लोक घरांत शिरून पाळीव कुत्रींही ओढून नेतात अशी ओरड झाली.

६ जून १८३२ रोजीं पारश्यांच्या जमावानें कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. ७ जूनला दुकानें बंद राहिलीं, कुलाब्याच्या छावणीस जाणारें पाव-मांसादि सामान अडविण्यांत आलें, आणि सरन्यायाधीशाच्या गाडीवर घाण टाकण्यांत आली. दंग्याचा कायदा वाचून दाखवून फौजेच्या मदतीनें जमाव मोडण्यांत आला व धरपकड झाली. नंतर पुढाऱ्यांनीं, ज्यांत पुढें १८४२ त ‘सर’ झालेले जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होते, मध्यस्थी केली; कुत्रीं ठार न मारतां शहराबाहेर न्यावीं, अशी मागणी पुढें आली.

या हकीकतींत सरकारपक्षास निव्वळ क्रूर ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या वेळीं उपाय नव्हता. पाश्चरची लस माणसास प्रथम टोंचली गेली ती १८८५ त. दाट वस्तीच्या बेटावर हा धोका कमी करणें हें मॅजिस्ट्रेटाचें कर्तव्यच होतें. पण त्यांच्या नियमानें दोनच वर्ग मानले: पाळलेलें कुत्रें, म्हणजे कोणाची तरी मालमत्ता, आणि मोकाट कुत्रें, म्हणजे कोणाचेंच नव्हे व म्हणून वध्य. फोर्टांतल्या पारशी गृहस्थाच्या दाराशीं रोज तुकडा खाणारें कुत्रें या दोन्ही वर्गांत बसत नव्हतें. मॅजिस्ट्रेटाच्या दृष्टीनें तें बेवारशी होतें. वेंदिदादाच्या दृष्टीनें त्यास जाबदार माणूस होता, तो म्हणजे ज्याच्या दाराशीं तें बसलें तो. शिपायानें त्या कुत्र्यास सोटा मारला, तेव्हां मारणाराच्या मतें रस्ता साफ होत होता आणि पाहणाराच्या मतें त्याच्या संरक्षणांतील जीव त्याच्या देखत मारला जात होता. याज्ञवल्क्याच्या भाषेंत सांगावयाचें तर तो शक्त होता, आणि त्यानें आक्रोश ऐकला होता. फरक इतकाच कीं आक्रोश जनावराचा होता.

(५)

यानंतरचा कायदा या दोन वर्गांच्या मधून वाट काढीत गेलेला दिसतो. १८६० चा इंडियन पीनल कोड १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. त्याच्या २८९ व्या कलमानें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असतां जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणानें पुरेसा बंदोबस्त न ठेवणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. येथें ‘धनी’ असा शब्द नसून ‘ताबा’ असा आहे, हें विशेष. मिताक्षरेनें हांकणारा व धनी असा जो भेद केला, तो या शब्दानें एका बाजूस ठेवला. ज्याच्या हातीं जनावर, त्याच्यावर भार. भारतीय न्याय संहितेनें १ जुलै २०२४ पासून हेंच कलम २९१ क्रमांकानें कायम ठेवलें असून दंडाची मर्यादा ५००० रुपये केली आहे.

१८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानें गांवोगांवच्या कोंडवाड्यांची व्यवस्था लावली. त्यांतील गुरांच्या व्याख्येंत हत्ती, उंट व घोडे यांचाही समावेश आहे. नारदानें ज्या हत्तीस राजरक्षक म्हणून सूट दिली, तो या कायद्यानें शेळ्यामेंढ्यांच्या रांगेंत कोंडवाड्यापुढें आणून उभा केला. सत्तेच्या बळावर मिळालेली सूट अशी संपली. त्या व्याख्येंत कुत्रें मात्र नाहीं. तें पुन्हां मोकळ्या जागेंतच राहिलें.

ती जागा भरण्याचा प्रयत्न झाला तो फार उशीरा. २००१ च्या प्राणिजनन-नियंत्रणाच्या नियमांनीं रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी व लसटोंचणी करून त्यांस जेथून धरलें तेथेंच परत सोडण्याची रीत घालून दिली. २०२३ च्या नियमांनीं अशा जनावरांस समाजाचीं जनावरें मानून, त्यांच्या खाण्यापिण्याची सोय लावण्याचा भार त्या त्या भागांतील रहिवाशांच्या संस्थांवर व स्थानिक संस्थांवर टाकला. कुत्रें व्यक्तीचें नसलें तरी जागेचें असतें, आणि त्या जागेजवळ राहणारांवर कांहीं कर्तव्य येतें, ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते. पण पंधराव्या फर्गर्दांतील सर्वांत जवळच्या घराची ती नात्यानें बहीण आहे. मात्र त्या फर्गर्दांत कर्तव्याबरोबर दोषही शेजाऱ्याच्या माथीं येत होता. खाऊं घालणें हें कर्तव्य ठरवून दंशाचा जबाब कोणावरच न ठेवल्यास जुनी रचना अर्धीच उचलल्यासारखें होईल. याज्ञवल्क्याची कसोटी अशा ठिकाणीं अजून उपयोगी आहे: त्या वेळीं आंवरण्यास समर्थ कोण होता, आणि तक्रार कोणाच्या कानीं गेली होती?

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. व्यवहारग्रंथांच्या पोथ्यांत प्रकीर्णक प्रकरण शेवटीं येत असल्यामुळें पुष्कळदां तें चाळण्याचेंही राहून जातें. ज्यांच्याजवळ याज्ञवल्क्यावरील टीकांच्या किंवा निबंधांच्या पोथ्या असतील, त्यांनीं दंष्ट्री-शृंगी नियमाजवळच्या समासांतील टिपा अवश्य पाहाव्या. त्याचप्रमाणें गांवकीच्या व कोतवालीच्या कागदांत वळू, म्हैस, हत्ती अथवा कुत्रें यांच्या उपद्रवाबद्दल गुन्हेगारी घेतल्याची नोंद आढळल्यास, रकमेबरोबरच धन्यास आधीं ताकीद झाली होती काय, हेंही टिपून घ्यावें. दंडाच्या आंकड्यावरून त्या काळच्या जनावराची किंमत कळेल. ताकिदीच्या एका ओळीवरून त्या काळीं शेजाऱ्याच्या हाकेची किंमत काय होती तें कळेल.